आवतणाची आठ सेकंदं

देवरामने एका हाताने इकडच्या व्हीसीआरचं प्ले दाबलं, दुसऱ्या हाताने तिकडच्याचं रेकॉर्ड, मनात आठ मोजले आणि दोन्ही यंत्रं एकदम थांबवली. पडद्यावर त्याची आई तोंड उघडून तशीच थबकली. जमलं. टीव्हीचा आवाज बंद होता. कापायला बसला की तो नेहमीच बंद ठेवायचा.

ही अक्कल ठाण्याच्या ऑस्वल्डची. ऑस्वल्डची व्हिडिओ लायब्ररी होती आणि इंग्लिश मारधाडीच्या जुन्या थरारपटांवर त्याचं बायकोपेक्षा काकणभर जास्तच प्रेम होतं. देवरामला इंग्लिश ओ की ठो कळत नसे. पहिल्यांदा कॅसेटी देताना ऑस्वल्ड म्हणाला होता,

"कळत नाय ना? मग बेस्ट. आवाज बंद कर नि बघ. आवाजाशिवाय समजतं ते पिक्चर, बाकी सगळी बडबड."

डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीत देवराम दोन वर्षं मुके चित्रपट बघत राहिला. एकेक पाठलाग वीस-वीस वेळा, मागेपुढे करून. माणूस गच्चीवरून उडी मारतो तिथे कापायचं आणि पाय टेकताना त्याला पुन्हा गाठायचं, मधली हवा बघणारा स्वतःच भरून काढतो, हे त्याला कळलं. ठोशापेक्षा ठोसा बघणाऱ्याचा चेहरा जास्त लागतो, हेही कळलं. आणि सगळ्यांत मोठा धडा म्हणजे, जे गोष्टीला पुढे ढकलत नाही ते फेकून द्यायचं, मग ते कितीही लाडकं का असेना. लग्नाच्या कॅसेटी काढणाऱ्या माणसाला या विद्येचा उपयोग काय, असं कोणीही विचारलं असतं. देवरामला मात्र वाटे, हीच विद्या एक दिवस आपल्याला लग्नांमधून बाहेर काढील.

चुलतबहीण सरस्वतीच्या हळदीत त्याने ती पणाला लावली होती. त्याची आई आवडाबाई कोळीवाड्यातली धवलारीण. लग्नातले धवले गाणारी तीच एकटी उरली होती. हळदीच्या दिवशी मांडवात बसून ती देवांना आवतण द्यायची. एकवीरेपासून वेशीवर राखण करणाऱ्या चेडा देवापर्यंत एकेकाचं नाव घेऊन, ज्याचा जो मान तो सांगून. ते पुरं झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नसे. चाळीस मिनिटांचा मामला; शूटिंग करतानाही देवरामचं लक्ष नुसतं चित्रात. मुक्या पडद्यावर तो बघितला तर एक म्हातारी बसलेली आणि तिचे ओठ हलताहेत, बस. देवरामने त्यातली आठ सेकंदं ठेवली. आई तोंड उघडते, की लगेच सरस्वतीचे भरलेले डोळे, हळदीने माखलेले हात, बांधावरून झपाझप येणारी नवऱ्याकडची माणसं. वरून ताशाची एक तयार कॅसेट चढवली. काम झाल्यावर शूटिंगच्या मूळ टेपवर त्याने मोहने गावातला एक साखरपुडा काढला. या धंद्यात सगळे तसंच करत.

रविवारी सकाळी सरस्वतीचे वडील भिवाजी यांच्या ओटीवर टीव्ही मांडला. अर्धा कोळीवाडा लोटला होता. देवराम मागे भिंतीला टेकून उभा राहिला, पण त्याचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं. खांबाशी बसलेल्या आईने हळद सुरू होताच पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं होतं. गाणं कापलं हे त्याने तिला सांगितलंच नव्हतं.

पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि ताशा कडाडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आवडाबाई क्षणभर बघत राहिली, मग तिची मूठ सैल झाली.

शेजारची सगुणा म्हणाली, "आवडे, तुजा धवला कुटं गेला गो?"

"पोराला ईचार," आवडाबाई म्हणाली आणि चक्क हसली.

घरी आल्यावर तिने त्याला पान वाढलं. जिताडा माशाचा मधला तुकडा त्याच्याच ताटात पडला. देवरामने घास खाली ठेवला.

"आये, धवला लई लांबत होता म्हणून मी..."

"मना नको सांगू." तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुज्या ध्यानात आयला, ना?"

"काय?"

"मी मधीच इसरले ते."

देवरामने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"खंडोबापर्यंत बरोबर आयले," ती म्हणाली. "मंग समदा कोरा. नावच येईना. नुसती गुणगुणले नि पुढं कुटनं तरी धरला. बायका मागनं झील धरतात, त्यांना काय कळनार? पन टेपवर तर समदा येतंच. मना वाटला, आज समद्यांसमोर नाक कापनार. तू वाचवलास रे."

तिचे डोळे भरून आले होते. इतकं कौतुक तिने त्याच्या धंद्याचं आजवर केलं नव्हतं, आणि देवरामला पाटावरून उठून पळून जावंसं वाटत होतं.

"आता येक काम कर," ती म्हणाली. "आख्खी टेप मना लाव. कोनाची नावं घेतली, कोन र्‍हायला, बघते. ज्याला आवतन नाय गेला त्याचा मान द्याला पायजे. पोरीचा नवा संसार हाय."

"ती टेप नाही, आये. तिच्यावर दुसरं काम घेतलं मी."

लाज वाटून देवराम मान खाली घालून भात चिवडत राहिला. मग तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. तुज्या तर ध्यानात असंल. कापताना कितींदा ऐकला असशील." तिने बोटांवर नावं मोजायला सुरुवात केली. एकवीरा, गावदेवी, म्हसोबा, मरीआई, खंडोबा. दुसऱ्या हाताचा अंगठा धरून ती थांबली. "आता सांग, खंडोबाच्या मागनं मी कोनाचा नाव घेतला?"

देवरामने डोळे मिटले. आईचे ओठ त्याला लख्ख दिसले. ते कुठे थांबले, किती वेळ मिटून राहिले, पुन्हा केव्हा हलले, सगळं दिसलं. त्यातून एकही नाव निघेना.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "मी आवाज बंद ठेवलेला, आये. कापताना मी ऐकतच नाही."

अंगठा अजून तिने सोडला नव्हता.

"मंग कापलास कशाला?" तिने विचारलं.