बोक्याचा शोध

फोनवर माणूस शोधून काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं माझं मत होतं. नवऱ्याची शाळेतली मैत्रीण मी जेवता जेवता शोधून दिली होती, नंतर पस्तावलेही होते. पण सासऱ्यांनी बोक्याला शोधायला सांगितलं आणि माझी पार भंबेरी उडाली.

सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांनी सोमवार ठरवला होता आणि उशीर केलात तर धोका आहे, असं स्पष्ट सांगितलं होतं. आणि हे महाशय म्हणत होते, आधी बोक्याशी बोलेन, मग ऑपरेशनच्या कागदावर सही करेन. का, ते सांगायला तयार नाहीत. बोका म्हणजे त्यांच्याबरोबर लिफ्ट दुरुस्त करणारा जोडीदार. कंपनी बंद पडली, दोघे दोन दिशांना गेले आणि संबंध तुटला. खरं नाव विचारलं तर म्हणाले, बोकाच. आडनाव कंपनीच्या कागदावर असेल, आम्ही कशाला बघतोय! अर्धं आयुष्य एका डब्यात जेवलेल्या माणसाचं नाव यांना ठाऊक नाही. मला राग आला आणि हसूही.

फोनमध्ये 'बोका' टाकलं तर मांजरंच मांजरं. तेव्हापासून फोन मला मांजराचं खाणं विकायला बघतोय. मग जुन्या लिफ्टवाल्यांचा एक ग्रुप सापडला. तिथे विचारलं तर तीन-तीन बोके पुढे आले, त्यातला एक तर माझ्या नवऱ्याहून लहान. प्रत्येक कंपनीत एक बोका असतोच म्हणे. इकडे नवरा रोज वडिलांशी हुज्जत घालायचा आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सासऱ्यांच्या धाकाने आमच्या घरात कधी कोणी मोठ्याने टीव्ही लावला नाही. तोच माणूस आता जिना चढताना मध्येच पायरीवर बसायचा.

शनिवारी दुपारी त्यांच्या पलंगावर बसून मी तो ग्रुप पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळला. एक मजकूर मी आधीही वाचून सोडून दिला होता. त्यांना जरा हसवावं म्हणून वाचून दाखवला. कोणा मुलीने लिहिलं होतं, माझ्या वडिलांना त्यांचा जुना सोबती हवा आहे, लिफ्टचं काम करायचा, सगळे त्याला रडक्या म्हणायचे, खरं नाव वडिलांना माहीत नाही.

"बघा बाबा, तुमच्यासारखे आणखीही आहेत."

ते हसले नाहीत. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत राहिले.

"तो मीच," ते म्हणाले.

सासूबाई गेल्या तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांत टिपूस दिसलं नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं. कामाच्या पहिल्या दिवशी ते लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले आणि वीज गेली. त्या अंधारात ते लहान पोरासारखे रडले. वर मशीनच्या खोलीत बोका होता. वीज येईपर्यंत तो वरून काहीबाही बोलत राहिला. त्यानंतर बोका वर असल्याशिवाय हे कधी खाली उतरले नाहीत.

"आता हे लोक मला गुंगी देणार," ते म्हणाले. "वर कोण असणार?"

मी मजकुराखालचा नंबर लावला. मुलीनेच उचलला. बोका म्हटल्यावर ती गोंधळली. वडिलांना कोणी असं म्हणत असेल हे तिच्या गावीही नव्हतं. तिने आत विचारलं, आणि क्षणात फोन दुसऱ्याच हातात गेला. मी आवाज मोठा केला.

"रडक्या का रे?"

सासऱ्यांनी सगळं एकदमच सांगून टाकलं: हृदय, सोमवार, गुंगी. बोक्याने हॉस्पिटलचा पत्ता विचारून घेतला. गुडघे कामातून गेलेत, पण पोरगी गाडीने आणेल, म्हणाला.

"ऑपरेशन कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"मग मी तिसऱ्यावर बसतो. तू बिनघोर उतर."

सासऱ्यांनी चादरीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.