उंदराची कोठी

अंजनाबाईने बिळाच्या मागच्या तोंडावर दगड ठेवला आणि पुढून खणायला घेतले. शेतातला उंदीर मागे चोरवाट राखतो, आत गवताचे अंथरूण करतो आणि बाजूला कोठी भरतो, हे तिला आईकडून कळले होते.

"तेमां दवा नाखी छे, बेन!" राखणदार बांधावरून गुजरातीत ओरडून पुढे निघून गेला.

"उंदरांले दवा!" ती स्वतःशीच हसली. "मनी सूनले भेटत नही, अन् उंदरांले दवा!"

गुजरातेतल्या चलथाणचा ऊसतोडीचा हंगाम संपला होता. पण धुळ्याकडे दुष्काळ, म्हणून तिकडून तोडीला आलेली माणसे झोपड्यांतच राहिली होती. सून रंभा पोटुशी होती आणि कालपासून उपाशी.

कोठी उघडली. आत ज्वारीची कणसे होती, ओटी भरेल एवढी. पण बिळातून कोणी पळाले नाही. तिने गवत बाजूला केले. उंदरीण मरून पडली होती, पिले तिला चिकटलेली. कणसांना लसणासारखा उग्र वास येत होता. दवा म्हणजे काय ते तिला आत्ता कळले.

कणसे पुरली तर कोणीतरी उकरेल. पाटात टाकली तर गुरे मरतील. तिने धसकटे गोळा केली, कनवटीची काडेपेटी काढली आणि कणसे पेटवली.

ज्वारी भाजल्याचा वास झोपड्यांपर्यंत गेला. माणसे धावत आली. पुढे शेजारच्या झोपडीतली सुभद्राबाई.

"एकलीच खाई राहिनी का व, अंजना?"

"जहर शे त्याम्हा! उंदीर मरी गयात!"

"जहर! मंग भाजस कसाले? आम्हले येडं समजस का?"

"आक्का, तुन्ही आन. हात नको लावू."

कोणी ऐकले नाही. हिलाल म्हाताऱ्याने वाकून निखाऱ्यांतच हात घातला. अंजनाबाईने त्याला ढकलले आणि ती अनवाणी त्या आगीत शिरली. दाणे मातीत मिसळेपर्यंत तुडवत राहिली.

सुभद्राबाई थुंकली आणि परत फिरली. तिच्यामागे सगळे गेले.

झोपडीत रंभाने सासूचे तळवे मांडीवर घेतले आणि ओले फडके लावले. फोडांत दाणे रुतले होते. ती एकेक दाणा नखाने काढून लांब फेकत होती. तळव्यांना अजून भाजलेल्या ज्वारीचा वास येत होता. रंभाने तोंड भिंतीकडे वळवले आणि सुटलेली लाळ गिळली.