अप्पांचे उघडे डोळे

सूर्य उगवला काय आणि मावळला काय, उदगिरात पूर्वी कुणी मान वर करून बघत नव्हतं. आता लग्न ठरलेल्या प्रत्येक जोडप्याला त्याच उन्हात फोटो हवा असतो, आणि तो काढायला अमरनाथ हवा असतो. उजाडायच्या आत तो कॅमेऱ्याची बॅग पाठीला लावून किल्ल्यावर हजर व्हायचा. नवरीमुलगी जांभया देत उभी असायची, नवरदेवाच्या नव्या कोटाला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत असायची. सूर्य वर आला की ते मऊ, पिवळं ऊन तटावर थोडाच वेळ टिकायचं. तेवढ्यात सगळं उरकायचं. "ताई, तोंड उन्हाकडं करा. दादा, डोळे मिटू नका." हे तो झोपेतही बडबडतो, असं त्याची बायको अक्षरा सांगायची.

मग दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून त्याच चेहऱ्यांची साफसफाई. संध्याकाळी दुसरं जोडपं, कधी देवणीकडं, कधी पार किल्लारीकडं. लग्नसराईत वरून रात्रीची हळद. लोकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तो सफाईनं पुसायचा. स्वतःच्या डोळ्यांखाली ती चांगली मुक्कामाला आली होती, पण तिकडं बघायला फुरसत कुणाला होती. तो दमला होता. एका झोपेनं जाईल असा तो शीण राहिला नव्हता.

घरी तो असायचा भर दुपारी. नेमके तेव्हाच अप्पा विचारायचे, "आज काढतो का रं माझा फोटो?"

"आत्ता, अप्पा? ह्या उन्हात?"

"आता नगं. सांच्याला काढ."

सांच्याला तो घरी नसायचा. हे दोघांनाही माहीत होतं, तरी दोघं माना हलवायचे.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, शिवलिंगप्पा. बाजारातला स्टुडिओ त्यांनीच टाकलेला. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, हार घालून भिंतीशी बसवतात आणि बसलेलाच नेतात. त्या बसवलेल्या माणसाचा फोटो काढायला अप्पांना बोलावणं यायचं. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचा तोच पहिला फोटो आणि तोच शेवटचा. मग लेकीसुना हात जोडायच्या, "अप्पा, भिंतीवर लावायचाय, डोळे तेवढे उघडे करून द्या." अप्पा फोटो छापून आणायचे आणि मिटल्या पापण्यांवर बारीक ब्रशनं उघडे डोळे रंगवायचे. तो माणूस जिवंतपणी त्यांनी पाहिलेलाच नसायचा. म्हणून सगळ्यांना ते एकच डोळे द्यायचे, जरा मोठे, जरा ओले. आजही त्या भागातल्या घराघरांत वेगवेगळी माणसं भिंतीवरून एकाच डोळ्यांनी बघत असतात. घरच्यांना त्यातच समाधान होतं. अप्पांना मात्र ते आयुष्यभर खुपत राहिलं.

"माझे डोळे कुणी रंगवायचे न्हाईत," ते म्हणायचे. "माझे मी उघडतो. तू फक्त काढ."

त्यांचे फोटो नव्हते असं नाही. पण ते कायम कॅमेऱ्यामागं, आणि कुणी ओढून पुढं उभं केलंच तर फ्लॅशच्या लखलखाटात डोळे गच्च मिटलेले. अमरनाथच्या लग्नाच्या अल्बममध्येही ते तसेच आहेत, पूजेला बसल्यासारखे. दुपारच्या फोटोला त्यांचा सक्त नकार होता. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत अंधार बसतो आणि माणूस आहे की गेला ते कळत नाही, हे त्यांनीच अमरनाथला शिकवलं होतं. उजेड समोरून यावा, कलता यावा, तरच डोळा दिसतो. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली होती. शिकाऊ असताना अमरनाथनं मावळतीला काढलेल्या एका फोटोत त्याची स्वतःची लांबलचक सावली पाहुण्यांच्या अंगावर पडली होती. अप्पांनी तो फोटो त्याच्यासमोर फाडला. "फोटो काढणाऱ्यानं फोटोत यायचं न्हाई," एवढंच ते म्हणाले होते.

दिवाळी झाली आणि अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. या वयात पुढचं काय, असं अमरनाथनं विचारलं, तेव्हा डॉक्टर "बघू" म्हणाले. तो शब्द अप्पांनी बरोबर ऐकला. येताना गाडीत ते म्हणाले, "ऑपरेशनला जायच्या आदल्या सांजंला काढ. मग मी मोकळा."

त्या संध्याकाळसाठी अमरनाथनं मुरुडच्या जोडप्याला नाही म्हणून सांगितलं. पण आदल्या रात्रीची हळद पहाटेपर्यंत लांबली होती, आणि तिथूनच तो सकाळच्या जोडप्याला गाठायला किल्ल्यावर गेला होता. दुपार कलल्यावर तो घरी आला तेव्हा अप्पा तयार होते. मावळतीकडं तोंड असलेल्या ओट्यावर खुर्ची टाकून, पांढरं धोतर, धुतलेली टोपी, कपाळभर विभूती. पाठ भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले. गल्लीच्या तोंडाशीच अमरनाथचे पाय थांबले. अशी बसलेली माणसं त्यानं फार पाहिली होती.

"अप्पा," त्यानं हाक मारली.

अप्पांनी डोळे उघडले. "उजेड यायचाय अजून. तवर कशाला दमवू म्हणलं डोळ्यांस्नी."

अमरनाथच्या जिवात जीव आला. ऊन अजून पांढरं होतं, समोरच्या घराच्या पत्र्यावर नुसतं तापत होतं. थोडा वेळ थांबायला हवं होतं. तो अप्पांच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून खाली बसला, कॅमेरा मांडीवर घेतला. अप्पा जुन्या स्टुडिओतलं काहीतरी सांगत होते, एका नवरदेवानं फोटोसाठी उसनं घड्याळ कसं घातलं होतं ते. अमरनाथ हूं हूं करत होता. पुढचं त्याला ऐकू आलं नाही.

जाग आली तेव्हा ओट्यावरचा दिवा लागला होता. अंगावर चादर होती. खुर्ची रिकामी होती, कॅमेरा बॅगेत बंद होता, आणि आत अप्पा दूध-भाकरी खात होते.

तो अक्षरावर भडकला. "उठवायचं नाही का?"

"मी येत होते उठवाया," अक्षरा म्हणाली. "अप्पांनी दारातच थांबवलं. कुणी त्याला हात लावायचा न्हाई म्हणले. मग मी काय करू?"

तो अप्पांपुढं जाऊन बसला. राग कुणावर काढावा ते त्याला कळेना, सगळा स्वतःवरच होता. एक संध्याकाळ मागितली होती म्हाताऱ्यानं. गावभरच्या पोरापोरींना त्यानं ते ऊन वाटलं, आणि बापाच्या वाट्याचं झोपेत घालवलं.

"झोप लागली व्हती तुला," अप्पा म्हणाले. भाकरीचा तुकडा त्यांनी दुधात नीट बुडवला. "लई दिवसांनी."

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या व्यंकटीच्या जीपमधून ते लातूरला निघाले. मागच्या सीटवर अप्पा आणि अमरनाथ. सवयीनं बॅग बरोबर आली होती. नळेगाव मागं पडलं तेव्हा चाळा म्हणून अमरनाथनं कॅमेरा चालू केला. जोडपं, जोडपं, जोडपं. त्यानंतर एक फोटो त्याचा नव्हता.

म्हणजे त्यात तोच होता. ओट्यावर, भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून झोपलेला. काय ऊन पडलं होतं कालचं. भिंत, दार, रिकामी खुर्ची, त्याच्या पायांची बोटं, सगळं हळदीनं माखलेलं. आणि मधोमध एक लांब सावली, ओट्यावरून चढत थेट त्याच्या चेहऱ्यावर आलेली. टोपीसकट. त्याच्या तोंडावर उजेडाचा टिपूस नव्हता.

"अप्पा, फोटोत सावली आली."

"हाव. दिसली मला."

"मग सरकायचं की जरा."

अप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. तुरीची शेतं मागं जात होती. "सरकलो आस्तो तर तुझ्या डोळ्यांवर ऊन आलं आस्तं," ते म्हणाले. "जागा झाला आस्तास. म्हणून ऊन जाईस्तोवर तिथंच उभा व्हतो. उभ्या उभ्या म्हणलं, एवढा चांगला उजेड, एक तरी काढावा."

छातीचं दुखणं असलेला माणूस, सगळं ऊन पाठीवर घेऊन उभा होता. अमरनाथनं मागच्या काचेतून पाहिलं. आभाळाची कड पिवळी झाली होती.

"व्यंकटी, थांबव जरा."

"उशीर व्हईल रं," अप्पा म्हणाले. पण उतरले. रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर अमरनाथनं त्यांना उगवतीकडं तोंड करून बसवलं आणि स्वतः सूर्याकडं पाठ करून उभा राहिला. सूर्य वर आला. त्याची सावली अप्पांच्या अंगावर पडली आणि तो सवयीनं बाजूला सरकला.

ऊन थेट अप्पांच्या तोंडावर आलं. सुरकुती न् सुरकुती उजळली, पांढरे खुंट चमकले, विभूतीचे पट्टे झळकले. अगदी अप्पांनी शिकवला होता तसा उजेड. आणि डोळे गच्च मिटले. अप्पांनी ते उघडायचा प्रयत्न केला, पाणी आलं, पुन्हा मिटले. परत उघडले, परत मिटले.

"न्हाई रं जमत," अप्पा म्हणाले. "दमले डोळे. ऱ्हाऊ दे."

ऊन पांढरं व्हायला लागलं होतं. डोळे मिटू नका, हे वाक्य अमरनाथच्या ओठांवर आलं होतं. तो ते बोलला नाही. तो परत होता त्या जागी सरकला, अगदी मधोमध, आणि त्याची सावली अप्पांच्या चेहऱ्यावर चढली.

अप्पांनी डोळे उघडले.

मोठे नव्हते ते, ओले होते ते उन्हानं. बारीक, घारे, डावी पापणी जरा उतरलेली. एवढ्या वर्षांत अमरनाथनं ते असे कधी निरखले नव्हते. ते सरळ त्याच्याकडं बघत होते. त्यानं बटण दाबलं.

"सावली आली आसंल फोटोत," अप्पा म्हणाले.

"हाव. आली."

"डोळे?"

"उघडे हायत, अप्पा."

अप्पांनी हात पुढं केला. अमरनाथनं त्यांना धरून उठवलं.

"मग चल," ते म्हणाले. "गाडीत झोपतो मी आता."