मनोहरकाकांचं नाक

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आलो तर आमच्या हॉलमध्ये एक स्नोमोबाइल, बर्फावर पळणारी गाडी, तोंड घालून उभी होती. म्हैस गोठा चुकून माजघरात शिरावी तशी. पुढचा भाग आमच्या कार्पेटवर, मागचा रबरी पट्टा बाहेरच्या बर्फात, आणि मधे जिथे सरकत्या दाराची काच असायला हवी तिथे माझी चादर लटकत होती. काच काढून सोफ्यामागे ठेवलेली. त्या फटीतून स्टेट कॉलेज गावाचा फेब्रुवारी आत येत होता आणि आमच्या हीटरची हवा बाहेर जाऊन पेनसिल्व्हेनियाला ऊब देत होती.

"बाहेर मायनस बारा आहे," देवदत्त म्हणाला. "बाहेर बोल्ट खोलले तर बोटं बोल्टला चिकटून राहतील."

"राहू देत की," मी म्हणालो. "बाकीचा तू तरी आत येशील."

देवदत्त माझा रूममेट. पुण्याचा. तिथे आयुष्यभर सायकल चालवली, आणि इथे येऊन एका जाहिरातीवरून आठशे सीसीचं, रणगाड्यासारखं ओरडणारं हे जुनं यंत्र घेऊन आला. त्याच्या मते ती गुंतवणूक होती. तिसरा रूममेट प्रफुल्ल नागपूरचा. त्याच्या मते तो आजार होता.

स्नोमोबाइलबद्दल मला काहीही जाणून घ्यायची इच्छा नव्हती, पण आपल्याच हॉलमध्ये राहायला आलेल्याची माहिती आपोआप कळते. इंजिनाची ताकद शेवटी एका साखळीवरून रबरी पट्ट्याला मिळते. ती साखळी एका बंद डब्यात, तेलात फिरत असते. तो डबा म्हणजे चेनकेस. साखळी सैल झाली तर चाकांचे दात खाते, तेल संपलं तर स्वतःला खाते, आणि तुटली तर डबा फोडून चालवणाऱ्याच्या पायाला भेटायला येते. म्हणून अधूनमधून झाकण उघडायचं, जुनं तेल काढायचं, साखळी ताणायची, नवं तेल भरायचं. आधीच्या मालकाने यातलं काहीही केलं नव्हतं.

झाकण निघालं आणि वास आला.

सडलेली अंडी, जुना लसूण आणि कुणाचे तरी ओले मोजे कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या काढाव्यात, तसा. गिअर ऑइलमध्ये गंधक असतं, देवदत्तने समजावलं. समजल्याने वास कमी झाला नाही. झाकणामागून काळं, दाट काहीतरी घरंगळलं. त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता, चांदीचा वर्ख लावल्यासारखा. खालच्या लोहचुंबकाला त्याच चुऱ्याची दाढी आली होती. देवदत्तने ती बोटाने पुसली आणि बोट माझ्या चादरीला.

"आणि खाली काय ठेवलंयस हे?" प्रफुल्ल दारातच थबकून म्हणाला.

खाली परात होती. स्टीलची. कडेवर अक्षरं कोरलेली: 'चि. प्रफुल्लला कमलामावशीकडून'. याच परातीत आम्ही रोज कणीक मळायचो. आता 'मावशीकडून'पर्यंत तेल आलं होतं.

"धुऊन देतो ना यार."

"काहून बे? दुसरं भांडं नव्हतं?"

"एवढं पसरट दुसरं नव्हतं."

"तुह्या डोक्याएवढं पसरट खरंच काही नाही," प्रफुल्ल म्हणाला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी आम्ही पाव खाल्ला. पावालाही वास येत होता.

हे सगळं त्याच आठवड्यात करण्याचं कारण इशिता होती. इशिता इथेच स्टॅटिस्टिक्समध्ये होती आणि तिचं देवदत्तवर प्रेम होतं. त्याची कारणं तिच्याच विषयात कुठेतरी सापडतील. शनिवारी तिचे आईवडील, सुवर्णाकाकू आणि मनोहरकाका, एडिसनहून मुलगा बघायला येणार होते. काकांना सुखरूप चालणारी स्नोमोबाइल दाखवावी आणि आपण वस्तू नीट सांभाळतो हे सिद्ध करावं, असा देवदत्तचा डाव होता.

शुक्रवारी सकाळी इशिता घरी आली, दारातच उभी राहिली आणि स्वेटरची कॉलर नाकावर ओढली.

"तुम्हांला मी सांगितलं होतं ना, बाबा काय करतात?"

"केमिकल कंपनीत आहेत."

"अत्तरांच्या कंपनीत आहेत. वास घेतात. तेच त्यांचं काम आहे. आणि माणसंही ते तशीच ठरवतात. मागच्या वर्षी डॉक्टर मुलगा आला होता. घर, गाडी, ग्रीन कार्ड सगळं होतं. बाबांनी नाही सांगितलं."

"का?"

"म्हणाले, मनी प्लांटच्या बाटलीतल्या पाण्याचा वास येतो."

देवदत्तने नकळत स्वतःची काख हुंगली.

"मी त्यांचं सगळंच ऐकते असं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण त्यांच्या होकाराशिवाय लग्न करायची माझी हिंमत नाहीये, देव. उद्यापर्यंत हे घर धुऊन काढा. आणि तू स्वतःलाही."

मग देवदत्त कामाला लागला. साखळी पुसून काढली. बाहेरचा ताणाचा बोल्ट बोटांनी घट्ट होईल तेवढा पिळला, किंचित उलटा सोडला, नट आवळला. हे त्याने इतक्या प्रेमाने केलं की मला पाठ फिरवावीशी वाटली. मग तेल. नव्या तेलाचा कॅन मोठा, आणि चेनकेसचं भोक नाकपुडीएवढं. यावर त्याने जे केलं ते फक्त आपल्याच घरांत होतं. आपण डबे-बाटल्या फेकत नाही. खोबरेलाची रिकामी निळी बाटली त्याने जपून ठेवली होती. तिचं तोंड अगदी बारीक. गिअर ऑइल तिच्यात भरलं, ओळख म्हणून गळ्यात रबरबँड घातला, आणि तेल पातळ व्हावं म्हणून बाटली हीटरवर ठेवली.

हीटरवर आधीच एक निळी बाटली होती. तिच्यात खरं खोबरेल. थंडीत ते मेणासारखं गोठतं, आणि देवदत्तच्या आईचा दर शुक्रवारी फोन यायचा: तेल लावलंस का? इथल्या कोरड्या हवेने त्याच्या डोक्यातून सतत कोंडा पडायचा. बाहेर बर्फ थांबला तरी त्याच्या खांद्यांवर चालू असायचा.

हीटरने रबरबँडचं काय केलं असेल हे एखाद्या इंजिनिअरला सुचायला हवं होतं. घरात इंजिनिअर तिघे होतो.

संध्याकाळी त्याने एक बाटली चेनकेसमध्ये रिकामी केली आणि झाकण बसवलं. दुसरी डोक्यावर घेतली. चांगली चोपून, कानांमागे, मानेपर्यंत.

"आज तेल जरा तांबूस दिसतंय," तो म्हणाला.

"हीटरवर करपलं असेल," मी म्हणालो.

वास? अहो, कालपासून त्या घरात दुसरा वासच नव्हता. आमच्या नाकांनी राजीनामे दिले होते.

शनिवारी सकाळी आम्ही तिघांनी ढकलून ती म्हैस बाहेर बर्फात काढली, काच बसवली, कार्पेटवर अर्धा डबा बेकिंग सोडा ओतला, उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. प्रफुल्लने परात गॅलरीत उलटी घातली आणि पुऱ्यांची कणीक पातेल्यात मळली. देवदत्तने शांपूची बाटली संपवली. तरी केस चपटे, चकचकीत, एकही जागचा हलत नव्हता.

"आयुष्यात पहिल्यांदा भांग राहिलाय," तो आरशात बघून म्हणाला.

"शुभशकुन," प्रफुल्ल म्हणाला.

मनोहरकाका बारीक, नीटनेटके आणि नाकाने एवढे मोठे होते की बाकीचा चेहरा त्याच्या मागे उभा असल्यासारखा वाटे. दारात त्यांनी बूट काढले, एक श्वास घेतला आणि तो परत सोडला नाही.

"चंदनाची उदबत्ती," ते शेवटी म्हणाले. "नकली. खाली बेकिंग सोडा. आणि त्याच्या खाली..." ते थांबले. "घरात कुणी गंधक उकळतंय का?"

"शेजारचं ड्रेनेज तुंबलंय, काका," देवदत्त म्हणाला आणि पाया पडायला वाकला.

त्याचं डोकं काकांच्या नाकाखालून गेलं.

मी माणसाचा चेहरा उतरताना पाहिलाय, पण रंगच बदलताना तेव्हाच पाहिला. काका हिरवट झाले. भिंतीला हात टेकून त्यांनी सुवर्णाकाकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर नाकाला लावलाच होता. इशिता कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. निम्मे दुःखाने, निम्मे वासाने.

"ड्रेनेज तुझ्या डोक्यात तुंबलंय का रे?" काकांनी विचारलं.

"खोबरेल आहे काका. काल लावलं. शुद्ध."

"मी सदतीस वर्षं वास घेतोय! खोबरेल मला शिकवू नकोस." ते दाराकडे निघाले. "सुवर्णा, मोजे नको, बूट तसेच घाल. इशिता, गाडीत बोलू."

संपलं होतं. पण पुढच्या दारापर्यंत जायला देवदत्तच्या जवळून जावं लागत होतं. काकांनी क्षणभर विचार केला, वळले, सरकतं दार उघडलं आणि मोज्यांवर बर्फात उतरले. समोर स्नोमोबाइल होती. तिला टेकून ते लांब श्वास घेत राहिले.

देवदत्तला वाटलं, त्यांना यंत्र आवडलं. बुडत्याला असंच काहीतरी वाटतं. तो धावत बाहेर गेला. "काका, चालवून दाखवतो! मी स्वतः मेंटेन केलीय!" आणि कुणी नको म्हणायच्या आत त्याने दोरी ओढली.

इंजिन ओरडलं. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. आधी काहीच हललं नाही. मग आतून काहीतरी कडाक्कन सुटलं, पट्टा फिरला, आणि मशीन मागच्या मैदानातून निघालं, पण आवाज असा की स्टीलच्या कपाटात कुणी मांजर कोंडलंय. वळसा घालून परत येईतो चेनकेसमधून धुराची बारीक रेघ निघू लागली.

"बंद कर!" काका ओरडले. मग ते जागीच थांबले. नाक वर झालं. मोजे भिजलेले, पँट गुडघ्यापर्यंत पांढरी, तसे ते मशीनच्या दिशेने चालत गेले. चेनकेसवर वाकले. डोळे मिटले.

"खोबरेल," ते म्हणाले. "उत्तम प्रतीचं. जरा करपलेलं." डोळे उघडले. "हे उघड."

देवदत्तने बोल्ट काढले. बोटं खरंच चिकटत होती. झाकण निघालं. आत पांढरंशुभ्र, घट्ट, गोठलेलं खोबरेल होतं, आणि त्यात साखळीने स्वतःपुरता एक चर कापून काढला होता. नारळाच्या वडीत अडकलेली साखळी. वर साखळी कोरडी, निळसर करपलेली, आणि कडांना राखाडी चुरा. आधी मला गुरुवारचं तेल किळसवाणं वाटलं होतं. हे जास्त किळसवाणं होतं, कारण ते खाण्यासारखं दिसत होतं.

मग प्रफुल्लच्या तोंडून निघालं, "म्हणजे डोक्यात..."

देवदत्तने हात डोक्याकडे नेला आणि अर्ध्यावर थांबवला.

"ड्रेनेज नव्हतं, काका," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. गिअर ऑइलचा वास होता, घरभर. बाटल्या सारख्या होत्या. माझ्यावर पण तोच आहे. जा तुम्ही. मला माझाच वास सहन होत नाहीये." आणि खाली बसून तो चमच्याने साखळीवरचं खोबरेल खरवडू लागला. आता त्याने काय फरक पडणार होता, देव जाणे.

काका बराच वेळ नुसते हुंगत उभे होते. एकदा डोकं, एकदा चेनकेस. पुन्हा डोकं. पुन्हा हिरवे झाले. पुन्हा चेनकेस.

"सुवर्णा," ते म्हणाले, "या मुलाला मी वासावरून नापास करू शकत नाही."

"अहो, उलटी येतेय मला!"

"मलाही. पण तो वास त्याचा नाही, मशीनचा आहे. त्याचा वास या डब्यात आहे." ते परत वाकले. "आणि हा चांगला आहे. साधा आहे. खाली कुठे मनी प्लांट नाही."

इशिता पहिल्यांदाच हसली. मग देवदत्तच्या दिशेने दोन पावलं आली आणि तिथेच थांबली.

"पण हे डोकं माझ्या मुलीच्या जवळ येणार नाही," काका म्हणाले. "हे धुऊन जात नसतं. केस काढ."

"अहो, शुभकार्याच्या तोंडावर टक्कल?" काकू पदराआडून म्हणाल्या. "लोक विचारतील, मुलाच्या घरात कोण गेलं!"

"मग वासाचं काय सांगायचं लोकांना?"

काकूंनी देवदत्तकडे पाहिलं, आणि मान हलवून टक्कल मंजूर केलं.

आमचे सगळ्यांचे केस प्रफुल्लच कापायचा. त्याने केस कापायचं मशीन आणलं, देवदत्तला बर्फातच खुर्चीवर बसवलं, आणि जरा विचार करून गॅलरीतून परात आणली. "आता गेलीच आहे ती," तो म्हणाला आणि खाली ठेवली. केस पडत नव्हते, थपथप गळत होते. 'कमलामावशीकडून'वर तेलकट झुपके साचले. काका रुमाल नाकाला लावून लांब उभे होते, पण गेले नाहीत. पुऱ्याही आम्ही बाहेरच खाल्ल्या, उभ्याने, गोठलेल्या.

संध्याकाळी होकार घेऊन ते एडिसनला निघाले. गाडीच्या काचा चारही उघड्या होत्या.

देवदत्तने तुळतुळीत डोक्याचा, इशिताच्या शेजारचा फोटो ईमेलने पुण्याला पाठवला. खाली होकाराची बातमी लिहायच्या आधीच फोन वाजला. आई रडत होती.

"देवा, खरं सांग! कोण गेलं रे?"

देवदत्तने डोक्यावरून हात फिरवला, बोट हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"कुणी नाही, आई," तो म्हणाला. "ऑइल चेंज केलं."