कडू अन् फिक्या गोळ्या

रूपराव कंपाउंडर सिंदीहून सायकलवर टोल्यात, त्या लहानशा गोंड वस्तीत आला, की सुंदरा त्याच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघायची. तोंडानं तो फार गोड होता, आणि त्यामुळंच तिला तो खरा वाटत नव्हता.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात तपासणी झाली. टोल्यातल्या गोंड घरांतली सगळी माणसं ओळीनं बसवून, डोळे मिटायला लावून, रूपरावनं त्यांच्या अंगावरून कोंबडीचं पीस फिरवलं. पीस जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं. सुंदराच्या उजव्या हातावर, कोपराखाली, एक फिका चट्टा होता. तिथं पीस फिरून गेलं ते तिला कळलंही नाही. तिची धाकटी जाऊ सखू, तिच्या पोटरीवरही तसाच चट्टा निघाला. टोल्यात असे अकरा जण होते. महारोगाची सुरुवात आहे, पण आता त्यावर गोळी आली आहे, असं रूपरावनं सांगितलं. प्रत्येकाला नंबर घातलेला पत्र्याचा डबा दिला आणि एका कागदावर अंगठा घेतला.

“मंगळवारी एक अन् शुक्रवारी एक,” तो म्हणाला. “डबे मात्र बदलू नका. ज्याच्या गोळ्या त्यानंच खायच्या.”

“गोळी एकच आहे, तं बदलल्यानं काय होते?” सुंदरानं विचारलं.

“वरचा हुकूम आहे, बाई.”

“अन् आंगठा कायचा घेतला?”

“डबा भेटल्याचा.”

सुंदराचं समाधान झालं नाही. नवरा पुनाजी म्हणाला, “फुकट औषध भेटून राह्यलं, तं तुले त्यातही खोट दिसते.” ती गोळ्या घेत राहिली. एकही वार चुकवला नाही.

पावसाळा सरला, कापूस फुटला. दोघी जावा वेचणीला जात होत्या. एक दिवस सखू मधेच थांबली, खाली वाकली आणि पोटरी चोळायला लागली.

“काय झालं व?”

“बोंड टोचलं,” सखू म्हणाली. मग तिच्याच ध्यानात आलं. “बाई, त्या चट्ट्यावरच टोचलं. मले कळलं.”

सुंदराला बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात ती चुलीपाशी बसली असताना जळाल्याचा वास आला. भाकर तर तव्यावर नीट होती. तिनं हात उचलला, तर करंगळीचं कातडं निखाऱ्याला लागून पांढरं झालं होतं. दुखलं काहीच नाही. सखूचं सुधारत होतं आणि तिचं वाढत चाललं होतं.

सखू पाण्याला गेली तेव्हा तिनं दोन्ही डबे काढले. आपली गोळी जिभेवर ठेवली, खडूसारखी फिकी. सखूची ठेवली, तर जीभ कडू झाली.

पहिल्यांदा तिला सखूचाच संशय आला. रूपराव सखूशी जरा जास्तच बोलतो, असं तिला आठवायला लागलं. दोन दिवस ती जावेशी नीट बोलली नाही. मग ती डबा मिळालेल्या तानबाकडं गेली, बाकीच्या डबेवाल्यांची घरं फिरली आणि डब्यांतल्या गोळ्या जिभेला लावून पाहिल्या. सहा कडू निघाले, पाच फिके. तानबा तर रूपरावचा कोणी नव्हता, तरी त्याचा डबा कडू होता. म्हणजे हे सखूचं काम नव्हतं.

महिन्यातून एकदा मोठा डॉक्टर सिंदीच्या धर्मशाळेत बसत असे. सुंदरा चालत तिथं गेली आणि एक कडू, एक फिकी अशा दोन गोळ्या त्याच्या टेबलावर ठेवल्या.

डॉक्टर वयानं तरुण होता. तो गोळ्यांकडे बघून म्हणाला, “हा अभ्यास आहे, बाई. अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना नुसती गोळी. वर्षानं दोघांची तुलना करायची, म्हणजे औषध किती चालतं ते कळतं. आफ्रिकेतही असंच तपासून पाहताहेत. कुणाला काय मिळतं ते रूपरावला माहीत नाही, मलाही नाही. यादी बंद पाकिटात आहे.”

“आमाले कोनं इचारलं?”

“अंगठा घेतलाय ना.”

“तो डब्याचा म्हून घेतला.”

डॉक्टरनं शेजारी उभ्या असलेल्या रूपरावकडे पाहिलं. रूपराव खिडकीबाहेर बघत होता. सुंदरानं करंगळी पुढं केली. “हे जळलं. तुमच्या वहीत याचं काय लिवलं?”

डॉक्टरनं वही उघडली नाही. “वर्ष संपलं की सगळ्यांना औषध देऊ,” एवढंच तो म्हणाला.

परतताना तिनं ठरवलं. टोल्यातल्या सगळ्यांना तिनं अंगणात बोलावलं आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. आता कडू गोळ्या सगळ्यांनी सारख्या वाटून घ्यायच्या, असं तिनं सुचवलं. दोनाऐवजी आठवड्याला एक येईल, पण सगळ्यांना येईल. तानबा म्हणाला, “मायी अर्धी काऊन देऊ? मले तं गुण येऊन राह्यला.” त्याचं चूक आहे असं सुंदराला म्हणता येईना.

तेव्हा सखू उठली आणि तिनं आपला डबा सुपात रिकामा केला. मग बाकीचे डबे एकेक करून आले. तानबाचा सगळ्यांत शेवटी आला.

फाल्गुनात तपासणी झाली. ज्यांचे डबे फिके होते त्यांनाही पीस कळायला लागलं होतं, आणि ज्यांचं भराभर सुधारत होतं त्यांचं मंदावलं होतं. डॉक्टर स्वतः टोल्यात आला.

“डबे बदलले?” त्यानं विचारलं.

“सुपात ओतून सारखे वाटले,” सुंदरा म्हणाली. “म्याच सांगितलं. लिवून घ्या.”

तो रागावला. नऊ-दहा महिन्यांचं काम वाया गेलं, असं म्हणाला. मग ओट्यावर टेकला, तिचा हात हातात घेऊन करंगळी वाकवून पाहिली. बोट पुरतं सरळ होत नव्हतं. त्यानं अभ्यासाची वही काढली आणि टोल्याच्या नावावर आडवी रेघ मारली.

“आता डबे बंद?” तिनं विचारलं.

“नाही. आता सगळे सारखे येतील.”

दीड महिन्यानं डबे आले. अकराही कडू होते. सखूचा चट्टा त्या साली गेला. सुंदराचा जायला तीन वर्षं लागली, आणि करंगळी वाकडी ती वाकडीच राहिली. रूपराव नंतरही येत असे, तसाच गोड बोलत असे. पाणी दिल्यावर सुंदरा त्याच्यासमोर बसून विचारायची, “आज कोनाले देऊन राह्यले, अन् कोनाले नाई?” आणि तो सांगेपर्यंत उठायची नाही.