टेप नसताना

टेपची चपटी डबी तिच्या तळहातात होती आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं — ओके. म्हणजे यंत्रात टेपच नाही, तरी नक्कल झाली! अंजनाने पुन्हा तोच आदेश दिला, पुन्हा ओके. आठव्यांदा. भोपाळहून आलेली ती स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेली आदेशांची यादी, टेपवर नक्कल करणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रामला हाक मारत होती, तो फसून परत येत होता, फसलो म्हणून सांगतही होता — आणि ही बया त्याचं न ऐकताच पुढे जाऊन मूळ फाइल पुसून मोकळी. मूळ फाइल म्हणजे उकव्याच्या खाणीतली महिन्याची हजेरी. आज त्यात तिनेच रचलेली खोटी नावं होती; सोमवारपासून खरी माणसं येणार होती.

खरी माणसं... बाबा उकव्याला होते तेव्हा महागू मुकादम मान वर न करता म्हणायचा, "लागली, लागली हजेरी, जाय" — आणि महिनाअखेरीला बाबांचे सहा-सहा दिवस कुठेच नसायचे. बाबा कधी भांडले नाहीत. घरी येऊन नुसते हात धूत बसायचे, मँगनीजची काळी भुकटी ती, अशी थोडीच जाते! त्या गप्प बसण्याचा तिला संताप यायचा, अजून येतो.

तिचे वरिष्ठ गुणाकर साहेब चाचणीचा कागद घेऊन आले. 'यशस्वी' टाइप केलेलं होतंच, खाली फक्त तिची सही हवी होती.

"काहून अडवून राह्यली, अंजना? भोपाळले आजच पाठवाचं आहे."

"साहेब, नक्कल फसली तरी हे ओकेच म्हणते. अन् मंग हजेरी पुसते."

"तू टेपच काढून ठेवशील तर फसनच न! कोन काढते टेप?"

"काढत नाही कोनी. पन टेप तुटते, भरते..."

"तुही नोकरी कच्ची आहे, पोरी."

धमकी नव्हती ती; त्यांना खरंच काळजी वाटत होती, आणि तेच जास्त लागलं. कच्ची तर कच्ची. मार्च अठ्ठ्याऐंशीपर्यंतचा नेमणुकीचा हुकूम, पुढचं भोपाळवाल्यांच्या मर्जीवर — उंटावरून शेळ्या हाकणारे ते, उकवा त्यांनी नकाशात तरी पाहिलंय का?

तिने पेन उचललं, 'यशस्वी'वर आडवी रेघ मारली, वर लिहिलं — नापास, आठपैकी आठ वेळा — आणि सही केली. आता नोकरी गेली तर? अशीच भीती बाबांना वाटली असणार, रोज, घरी तीन तोंडं असताना... त्यांच्यावरचा इतक्या वर्षांचा राग एकाएकी कुठे गेला ते तिला कळेना. भीती मात्र गेली नव्हती. नाही गेली तर नाही गेली.