डाव्या पायाचा पगार

चलनाची अशी दैना झाली होती, की सकाळी खिशात घातलेली नोट संध्याकाळी निम्म्याची होई. बुटांच्या कारखान्याने शेवटी नोटांचा नाद सोडला आणि पगारही बुटांतच द्यायला सुरुवात केली. मॅनेजर मोठा बिलंदर. कामगारांनी बाहेर स्वस्तात विक्री करू नये, म्हणून त्याने डाव्या खात्यातल्यांना नुसते डावे बूट दिले, उजव्या खात्यातल्यांना नुसते उजवे. आता विका म्हणावं!

शिलाई मशीनवर बसणारी थोरली डाव्या खात्यात होती, तिची धाकटी जाऊ उजव्या. घरं भिंतीला भिंत लागून, पण बोलणं कित्येक वर्षं बंद. कारण एवढंच, की भरल्या घरात धाकटी बोलून गेली होती, "आमच्या जाऊबाई म्हणजे सासूबाईंची सुधारित आवृत्ती!" सगळे हसले. थोरलीचा नवराही हसला, ते तिला जास्त झोंबलं.

अशात थोरलीच्या लेकीचा चष्मा फुटला. परीक्षा तोंडावर, आणि पोरगी पुस्तक नाकाला लावून बसलेली. चष्मेवाल्याने नंबर काढला, काचा बसवल्या, पण नोटा पाहताच हात जोडले.

"ताई, ही रद्दी नको. बूट आणा. आणि जोडी आणा हं."

थोरलीने अभिमान गिळला, लेकीचा हात धरला आणि डावा बूट हातात घेऊन जावेच्या दारात उभी राहिली. आता हाणामारी होणार, या आशेने शेजारीण कामधाम सोडून बाहेर आली. थोरलीने बूट उंबऱ्यावर ठेवला. धाकटीने बुटाकडे पाहिलं, डोळे बारीक करून बघणाऱ्या पुतणीकडे पाहिलं आणि आतून उजवा बूट आणला. तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही म्हणून स्वतःही निघाली.

चष्मेवाल्याने बूट घातले आणि तोंड वाकडं केलं. "डावा सातचा, उजवा आठचा! असं कुठं असतं का?"

हातातोंडाशी आलेला चष्मा गेला, असं वाटून थोरलीला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात धाकटी पदर खोचून पुढे झाली.

"का हो, पोरीच्या डाव्या डोळ्याचा नंबर एक आणि उजव्याचा दीड, तुम्हीच काढलात ना? तेव्हा आम्ही तोंड वाकडं केलं? डोळ्यांचे नंबर वेगळे चालतात, मग पायांचे का नाही? कापूस घाला पुढे!"

चष्मेवाल्याने उजव्या बुटात कापूस कोंबला आणि चष्मा पुढे केला.

रस्त्यावर थोरलीला हसू आवरेना. ज्या जिभेचा तिने इतकी वर्षं राग केला, तिच्यावरून आज तिला जीव ओवाळून टाकावासा वाटत होता.

"हसताय काय जाऊबाई?" धाकटी म्हणाली. "पुढच्या पगाराला आठचे मागून घ्या. दर जोडीला एवढं भांडणं मला झेपायचं नाही."